तिसऱ्या मजल्यावरची अंबाडी

गावंडेकाकांना "कधीही या" असं कधीही म्हणू नये. मी म्हटलं होतं. अमरावतीतल्या या अपार्टमेंटमध्ये आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते जिन्यात भेटले. समोरच्याच फ्लॅटमधले, वयाने वडील, म्हणून मी रीतीप्रमाणे म्हणालो, "या कधीही चहाला." दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात गावंडेकाका उभे. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, हातात स्वतःचा कप.

"काय झालं काका?" मी घाबरून विचारलं.

"काई नाई. चाहा."

"आत्ता?"

"कधीही म्हनले ना तुमी? मंग झालं."

कप का आणला हेही त्यांनी आपणहून सांगितलं. आमंत्रण चहाचं होतं, कपाचं काही बोलणं झालेलं नव्हतं.

श्रीधरराव गावंडे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. नोकरीत असताना किलोमागे दहा ग्रॅम कमी भरलं तर ते दुकानदाराला दंड करत, आणि माणसाचं बोलणंही ते त्याच काट्यावर तोलतात. "शब्द म्हंजे वजन हाय मानकरभाऊ," ते मला सांगतात, "बोलले तेवढं भरलं पायजे." एकदा डॉक्टरांनी त्यांना भाजीत चिमूटभरच मीठ घालायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "चिमूट कोनाची, तुमची का माही?" आणि डॉक्टरांना टेबलावरच्या कागदावर चिमूट सोडायला लावून ते मीठ पुडीत बांधून घरी नेलं, नमुना म्हणून. त्यांच्या चुलत पुतण्याच्या लग्नात आग्रह करणाऱ्यांनी "पोट फुटेपर्यंत जेवा" म्हटल्यावर ते ताटावरून उठून गेले. हे त्यांना शक्य नव्हतं, आणि नुसतं हो म्हणणं त्याहून अशक्य होतं.

मीही नोकरीने हिशेब तपासनीस. दुसऱ्याच्या बेरजेवर माझा विश्वास बसत नाही आणि स्वतःची मी दोनदा करतो. त्यामुळे काटेकोर माणसाबद्दल मला मुळातच आपुलकी. पण काकांच्या शेजारी मी अगदी ढिला, बेभरवशाचा माणूस वाटतो, असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मत आहे.

तर या गावंडेकाकांच्या घरात गेल्या एप्रिलमध्ये जांभळा उजेड दिसू लागला.

आधी एक कूलर आला. काकांकडे कूलर नव्हताच, ते उन्हाळाभर गॅलरीत ओला पंचा अंगावर घेऊन झोपत. आम्हाला वाटलं, चला, म्हातारपणी तरी सुख घेताहेत. पण कूलर आतल्या खोलीत बसला आणि काका गॅलरीतच राहिले. मग मातीची पोती आली. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या इंजिनियरिंगच्या पोरांनी ती वर चढवून दिली. मग पहाटे सहा वाजता त्या खोलीच्या खिडकीच्या फटींतून असा काही जांभळा उजेड यायला लागला की सुनंदा म्हणाली, "काकांनी मंगल कार्यालय काढलं की काय?" आणि रोज संध्याकाळी सहा वाजले की बाहेर ऊन रखरखीत असतानाच खिडकीला काळी ताडपत्री, दाराला दोन घोंगड्या, आणि आत गुडुप अंधार.

आमचे चेअरमन बोबडेसाहेब जागरूक आहेत. जिन्यात कोणाची चप्पल वाकडी पडली तरी ते तिचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. त्यांनी ग्रुपवर विचारलं, "श्री. गावंडे यांनी आपल्या खोलीत काय चालले आहे याचा खुलासा करावा."

काकांनी पाच मिनिटांत खुलासा केला. एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मी हे करीत आहे."

मी तो व्हिडिओ उघडला आणि तसाच, बनियनवर, समोरच्या फ्लॅटमध्ये धावलो. व्हिडिओत एक गोरा तरुण होता, केसांच्या जटा झालेला, डोळे अर्धे मिटलेले. मागे जांभळा उजेड. आणि त्याच्या भोवती कुंड्यांमध्ये ओळीने उभा होता गांजा.

"काका, हे काय पाठवलंत?"

"पाह्यलं का?" काका खूश होते. "आमेरिकेतले पोट्टे घरात अंबाडी लावून राहिले! मले भाषा समजत नाई, पन झाड समजते. त्यानं पेरन्यापासून कळी धरेपर्यंत सारं दाखवलं. लय मेहनती पोट्टं हाय."

"काका, ही अंबाडी नाही."

"पान पाहा ना. पाच बोटं, काठाले दाते. अंबाडीच हाय. जात वायली असंन."

इथे एक सांगायला हवं. अंबाडीचं वरचं पान आणि गांजाचं पान यांत खरोखरच पाहणाऱ्याची फसगत होते. मी स्वतः जन्मभर अंबाडी खाल्ली आहे, पण ताटात. उभं झाड ओळखायला मला सांगू नका.

"काका, तो गांजा आहे. गांजा."

काकांनी मोबाईल हातात घेतला, तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं.

"तरीच!" ते म्हणाले. "मी म्हनो, येवढी मेहनत करते, खतपानी देते, हवा घालते, अन एकदाबी भाजी नाई करत? पानं तं खुडून फेकून देते लेकाचं! मले रात्री झोप नाई आली त्या पानांसाठी."

"मग आता हा व्हिडिओ ग्रुपवरून काढा."

"कावून? मी अंधार-उजेडाचं त्याच्याचपासून शिकलो. काट्यावर सोनं तोला का भंगार तोला, काटा तोच असते."

मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. सहा कुंड्या. झाडं कमरेएवढी, सरळ, जांभळ्या उजेडात काळपट दिसणारी. मधोमध कूलर घरघरत होता. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि त्या घरात गारवा होता तो फक्त अंबाडीला.

"बाजारात भाजी मिळते की काका," मी म्हणालो.

"भाजी नाई पायजे. फूल पायजे."

आणि मग त्यांनी सांगितलं.

काकांना एक थोरली बहीण आहे, सुमनबाई. अकोल्याला जुन्या शहरात राहते. तिचं माहेर म्हणजे नांदगाव खंडेश्वरजवळचं वडिलोपार्जित शेत. त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधाकडेने, दर पावसाळ्यात अंबाडीची ओळ असायची. अंबाडीची गंमत अशी की ती उन्हाळ्यात पेरली तरी नुसती वाढते. दिवस लहान व्हायला लागले, रात्र लांबली, की मगच फुलते. नवरात्राच्या सुमाराला धुऱ्यावर पिवळी फुलं दिसली की काका अकोल्याला निरोप धाडत, "अंबाडी फुलली." आणि दिवाळीला बाई माहेरी येत, भाऊबीज करत, जाताना पिशवीभर बोंडं नेत. हे किती वर्षं चाललं याचा आकडा काकांकडे आहे, पण तो सांगताना त्यांचा आवाज बिघडला, म्हणून मी लिहून घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांनी शेत विकलं. कसणारं कोणी नव्हतं, बाईंनाही ते पटलेलं होतं, सह्या त्यांनीच आधी केल्या. फक्त त्या म्हणाल्या, "यवढी अंबाडी फुलू दे, मंग दे ताबा." काका म्हणाले, "मी घेनाऱ्याले पोळ्याची तारीख बोललो. अन अंबाडी काई बोलन्यात नव्हती." पोळा झाला, ताबा दिला. नव्या मालकाने दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घातला आणि धुऱ्यासकट सगळं नांगरून टाकलं. अंबाडी गुडघ्याएवढी झालेली होती.

बाई तेव्हा फोनवर एकच वाक्य बोलल्या. "शिरधर, तुया घरात अंबाडी फुलंन तवाच तुया घरी पाय ठेवीन."

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अंबाडी फुलत नाही हे बाईंना माहीत होतं. कुणी रागात "सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा बोलेन" म्हणतं, त्यातलाच हा प्रकार. त्या दिवाळीला त्या आल्या नाहीत. पुढच्याही दिवाळीला नाही. भाऊबीजेला काका पाट मांडून बसलेले पाहून सुनंदाने त्यांना ओवाळलं. त्यांनी तिला ओवाळणी घातली आणि म्हणाले, "हे तुमचं झालं, बेटा. तिचं बाकी राह्यलं."

"मग या दिवाळीपर्यंत थांबा," मी म्हणालो. "गॅलरीत दोन कुंड्या ठेवा, नवरात्रात आपोआप फुलेल."

"बाई जाऊन राहिली बंगलोरले. पोराकडं. नातवाची शाळा सुरू व्हायच्या आत. अकोल्याचं घर रिकामं करून. आता नाई आली तं मंग कवा?"

"अहो, मग फोन करा. त्या रागात बोलल्या असतील."

"रागात बोलली का हासून बोलली, बोलली ना? मंग झालं."

म्हणून बाहेर जेठाचं ऊन असताना काकांनी एका खोलीत आश्विन आणला होता. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा काळोख. त्यात एक किरणही जायला नको. झाडाला वाटलं पाहिजे की रात्र मोठी झाली, दिवाळी जवळ आली. अंधारात मध्येच कोणी दिवा लावला तर झाड गडबडतं आणि फूल लांबणीवर टाकतं. आणि फूल येईपर्यंत पान खुडायचं नाही, असा काकांचा नियम होता. झाड कमजोर होईल म्हणून.

मी हे सगळं ग्रुपवर नीट लिहिलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

"मे महिन्यात अंबाडी?" बोबडेसाहेबांनी मला जिन्यात अडवलं. "मानकर, तुम्ही स्वतः खाऊन पाहिली का?"

"नाही. काका पान खुडू देत नाहीत."

"का खुडू देत नाहीत?" असं विचारून ते एक भुवई वर करून हसले. नशेच्या धंद्यावरच्या तीन मालिका त्यांनी मोबाईलवर पूर्ण पाहिलेल्या आहेत, त्यामुळे या विषयात आमच्याकडे त्यांचाच अधिकार चालतो. "जांभळा उजेड, कूलर, काळी ताडपत्री. मानकर, असंच असतं."

सोसायटीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, फ्लॅटचे भाव कोसळणार. दुसऱ्या तटात ती इंजिनियरिंगची पोरं होती. त्यांनी काकांना वाकून नमस्कार करायला सुरुवात केली. "काका, काहीही लागलं तर सांगा," असं त्यातला एक म्हणाला. काकांनी त्याला गुरांच्या शेणखताचं पोतं आणायला सांगितलं. त्याने आणलं. काहीही म्हणाला होता ना?

जून उजाडला आणि झाडांच्या शेंड्यांजवळ मिऱ्याएवढ्या कळ्या दिसू लागल्या. बाई पुढच्या रविवारी संध्याकाळच्या गाडीने अकोल्याहून निघणार होत्या. काका रोज सकाळी मला कळ्या दाखवायला नेत. खात्यातली एक जुनी मोजपट्टी त्यांच्याकडे होती, ती ते कळीला न टेकवता नुसती जवळ धरत.

आणि त्या सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पोलीस आले.

जिन्यात पावलं वाजली म्हणून मी दार उघडलं. पुढे एक तरुण फौजदार, मागे हवालदार, आणि त्यांच्या मागे, सुरक्षित अंतरावर, बोबडेसाहेब. काकांनी दार सताड उघडलं.

"या. सारं घर पाहा. कपाट पाहा, पलंगाखाली पाहा. फक्त त्या खोलीत उजेड नका करू."

"बघा साहेब!" बोबडे म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

"काका," फौजदार म्हणाला, "उजेड नको तर झडती कशी घेणार?"

"अंधारात घ्या ना. माही काई हरकत नाई. चपला काढा अन भिंतीभिंतीनं चाला."

मग मी फौजदाराला अंबाडीची झोप समजावून सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, दिवसभरात त्याने याहून विचित्र काहीतरी ऐकलेलं असावं. शेवटी आम्ही पाचही जण दोन घोंगड्यांमधून एकामागोमाग एक त्या खोलीत शिरलो. काळोख इतका की कोण कुठे आहे ते श्वासावरून कळायचं. हवालदाराचा हात कुंडीला लागला आणि सवयीने त्याने बॅटरी लावली.

गावंडेकाका असे ओरडले की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. "बंद करा! बंद करा तो उजेड!"

बॅटरी बंद झाली. पण तेवढ्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. पाच बोटांची पानं, काठाला दाते, ओळीने सहा झाडं.

"साहेब, पाहिलंत?" बोबडे अंधारात म्हणाले.

"नमुना घ्यावा लागेल," फौजदार म्हणाला.

"नमुना मी घेत आलो जल्मभर," काकांचा आवाज आला, आता पूर्ण सरकारी. "नमुना पंचासमोर घ्या लागते. अन ज्याची तक्रार, त्याच्यासमोर तपासा लागते. मी एक पान देतो. एकच. तक्रार कोनाची हाय?"

कोणीतरी घोंगडीकडे सरकल्याचा आवाज आला.

"बोबडेसाहेबांची," मी म्हणालो. खरं ते सांगायला मला संकोच वाटला नाही.

"मंग बोबडेसाहेबांनी खाऊन पाहावं."

"मी? मला बीपी आहे!"

"ओळख तर पटवावी लागेल साहेब," फौजदार म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं की नाही ते अंधारात दिसलं नाही. "लेखी तक्रार तुमची आहे."

एक पान खुडल्याचा बारीक आवाज झाला. मग चाचपडत हातातून हातात गेलं. मग बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज.

"आंबट आहे," बोबडे म्हणाले.

"किती आंबट?"

"म्हणजे... अंबाडीइतकं." पुन्हा चावण्याचा आवाज. मग जरा वेळाने, हळूच, "अजून एक पान मिळेल का?"

"नाई," काका म्हणाले.

जाताना फौजदाराने काकांना हात जोडले. त्याच संध्याकाळी ग्रुपवर चेअरमनांचा संदेश आला, "सदर वनस्पती खाद्य असल्याची खात्री मी स्वतः जोखीम पत्करून केली आहे. सभासदांनी अफवा पसरवू नयेत." त्या संदेशाला वीस अंगठे मिळाले, त्यातला एक काकांचा होता.

पण काका खचले होते. "उजेड लागला हो," ते म्हणत राहिले. मंगळवार गेला, बुधवार गेला. कळ्या फुगल्या, पण मिटलेल्याच. शुक्रवारी मी त्यांना म्हणालो, "काका, आज उद्या उमलणारच आहे. फोन करून सांगा फुलली म्हणून. एका दिवसाचा तर फरक."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या नोकरीची लाज वाटली. "मानकरभाऊ, मापात पाप?"

शनिवारी दुपारी ऐन उन्हात सुमनबाई स्वतःच आल्या. एकट्या, एसटीने, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, आणि चेहरा रागाने लाल. सोमवारच्या झडतीची बातमी ग्रुपवरून कुणाच्या तरी मावशीमार्फत अकोल्याला पोचली होती. तिथवर जाईतो तिचं वजन वाढलं होतं. गावंडेंकडे दोन पोती माल सापडला आणि त्यांना बेड्या घालून नेलं, अशी ती तिथे उतरली.

"कावून रे शिरधर?" बाईंनी जिन्यातूनच सुरुवात केली. "बापाच्या नावाले पोलीस आनते तू घरी? या वयात?"

काका दारात आले. दोघं दोन वर्षांनी समोरासमोर उभे होते. मध्ये उंबरा. बाईंनी पाय उचलला, आणि तो तसाच मागे घेतला.

"फुलली का?" त्यांनी विचारलं.

काकांनी खाली पाहिलं. "नाई. कळी हाय."

"कशाची कळी?"

"अंबाडीची. तूच म्हनली होती ना."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. आता त्या हसतील, नाहीतर रडतील आणि आत जातील, असं मला वाटलं. सुनंदालाही वाटलं, तिने डोळ्याला पदर लावून ठेवला होता.

"मंग मी आत नाई येत," बाई म्हणाल्या. "बोलली ते बोलली. खुर्ची दे बाहीर."

तेव्हा मला कळलं की तो काटा वजनमापे खात्याचा नव्हता, घराण्याचा होता.

काकांनी खुर्ची बाहेर ठेवली. बाई जिन्याच्या तोंडाशी बसल्या, काका उंबऱ्याच्या आत पाट घेऊन. काकांनी उंबऱ्यावरून ताट सरकवलं, भाकर आणि ठेचा. बाईंनी पिशवीतून लोणचं काढून आत सरकवलं. दुपारभर दोघं तशीच बसून होती. जिन्यातून जाणारे लोक मधून वाट काढत होते. बोबडेसाहेब आले, जिन्यात खुर्ची पाहून त्यांनी फोटो काढायला मोबाईल उचलला. बाईंनी विचारलं, "तुमीच का पान खाल्लं ते?" ते मोबाईल खिशात घालून खाली गेले.

"उद्या संध्याकाळची गाडी हाय माही," बाई म्हणाल्या.

"माहीत हाय मले."

"सकाळी नाई फुललं तं?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले तसे ते उठले आणि खोलीला घोंगड्या लावून आले.

बाई आमच्याकडे झोपल्या. म्हणजे पडल्या. सकाळी सहाला मी दार उघडलं तेव्हा त्या आधीच खुर्चीत येऊन बसल्या होत्या. आतून ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. मग काका दारात आले. नुसतं दार पूर्ण उघडून बाजूला उभे राहिले.

बाई उठल्या, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

तिसऱ्या कुंडीत शेंड्याजवळ एक फूल होतं. फिकट पिवळं, मध्ये गर्द लाल. वाटीएवढंही नाही. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या.

"केवढुसं हाय रे," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पानं कशी निबर होऊ देली सारी! वेळेवर खुडली असती तं फुटली असती ना. येडा रे येडा."

त्यांनी ओचा पसरला आणि सहाही झाडांची त्यातल्या त्यात कोवळी पानं खुडायला घेतली. काकांनी अडवलं नाही. मग त्यांनी कुंडीजवळ पाट मांडला, काकांना बसवलं आणि दोन दिवाळ्यांची बाकी असलेली भाऊबीज जून महिन्यात, जांभळ्या उजेडात उरकली. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून, वरून लसणाची फोडणी ओतून केलेली ती भाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. एक वाटी खाली बोबडेसाहेबांकडेही गेली. ती बाईंनीच पाठवली.

अंबाडीचं फूल एकाच सकाळचं असतं. बाराच्या सुमाराला ते मिटलं, आणि बाई दुपारच्या एसटीने अकोल्याला गेल्या. तिथून बंगलोर.

मला वाटलं, आता कूलर गॅलरीत येईल. जुलै लागला, पाऊस सुरू झाला, आणि पहाटे सहाला फटींतून जांभळा उजेड येतच राहिला. शेवटी मी जाऊन पाहिलं. कुंड्या आता बारा होत्या. एकीत नुकतीच फुटलेली दोन पानं, दुसरीत वीतभर रोप, अशा चढत्या उंचीने शेवटच्या कुंडीत उमललेलं फूल. मधोमध पडदा टाकून खोलीचे दोन भाग केलेले, एकीकडे लांब दिवस, एकीकडे लांब रात्र.

"आता कशाला काका?" मी विचारलं. "झालं ना सगळं?"

"बाई काय म्हनली होती? घरात अंबाडी फुलंन तवा पाय ठेवीन. एकदाच, असं नाई म्हनली." ते लहानशा रोपाला पाणी घालत होते. "अन तिचं पोरगं तिले सुट्ट्यायमधी घेऊन येते का मधातच, कोनाले माहीत? कवाबी आली तं एक तरी फूल पायजे ना."

ती खुर्ची अजून जिन्याच्या तोंडाशी आहे. जिन्यात सामान ठेवू नये असा सोसायटीचा नियम असूनही बोबडेसाहेब तिचा फोटो काढत नाहीत. सकाळी फूल उमललं की काका पुढचं दार सताड उघडं ठेवतात. दुपारी ते मिटलं की लावून घेतात.